नाशिकची वाइन घरी कशी सांभाळावी आणि परदेशी वाइनशेजारी कशी चाखावी

महाराष्ट्रातल्या घरात वाइन बिघडते ती बहुधा एप्रिल-मेमध्ये. डिसेंबरात नाशिकहून आणलेली व्हाइट वाइन हॉलच्या शोकेसमध्ये उभी राहते, तिथेच उन्हाळा काढते आणि गणपती झाल्यावर कधीतरी उघडली जाते. तोवर रंग तपकिरीकडे झुकलेला असतो. लिंबू-पेरूचा ताजा वास गेलेला असतो आणि उरतो तो उकळलेल्या मनुकांचा. मग नाव खराब होतं वायनरीचं. बाटली घरी आली तेव्हा मात्र ती चांगलीच होती.

म्हणून आधी हे सांगायला हवं की आपल्या हवेत वाइनचा मोठा साठा करू नये. नाशिक-दिंडोरीच्या बहुतेक व्हाइट आणि रोझे (गुलाबी) वाइन ताज्या असतानाच प्यायच्या असतात, त्या ठेवून सुधारत नाहीत. घरात एका वेळी दहा-बारा बाटल्या पुरतात. त्या थंड, अंधाऱ्या जागी ठेवा, कोणती कधी उघडायची ते ठरवा आणि उघडताना एकेकटी न उघडता जोडीनं उघडा. वाइन कळायला लागते ती या जोड्यांमुळे. त्याबद्दल पुढे सविस्तर येईलच.

उष्णता, उजेड आणि बूच

वाइन ठेवायला १२ ते १४ अंश सेल्सिअस तापमान उत्तम. एवढं थंड घर आपल्याकडे कुणाचं नसतं, पण घाबरायचं कारण नाही. १८ ते २० अंशांवर, चढउतार नसेल तर, बाटली वर्षभर छान राहते. २५ च्या वर आठवड्यांमागून आठवडे गेले की ती अकाली म्हातारी होते. ढोबळ हिशोब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की आतल्या रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगानं होतात. तिशीच्या पुढे तर वाइन फुगते आणि बूच वर ढकलते. रात्री ती गार होऊन आकसली की बुचाच्या कडेनं हवा आत ओढली जाते. रोज दुपारी बाहेर, रोज रात्री आत. असा महिना गेला की वाइन ऑक्सिजननं मारलीच म्हणून समजा.

उजेडाचं नुकसान लोकांच्या लक्षात येत नाही. ऊन किंवा ट्यूबलाइट पडत राहिली की वाइनमधलं रायबोफ्लेविन (ब-२ जीवनसत्त्व) प्रकाशानं चेततं आणि गंधकयुक्त संयुगं तयार होतात. वास येतो शिजवलेल्या कोबीचा किंवा ओल्या लोकरीचा. पांढऱ्या काचेतल्या रोझे आणि व्हाइटला हा धोका सगळ्यात जास्त, गडद हिरव्या किंवा तपकिरी काचेला कमी. दुकानातून आणलेल्या कागदी पिशवीतच बाटली ठेवली तरी काम होतं. वर्तमानपत्रात गुंडाळली तर आणखी बरं.

आता आडवी की उभी. झाडाच्या सालीचं खरं बूच असेल तर आडवी, कारण वाइन लागून राहिली की बूच ओलं राहतं, आकसत नाही. फिरकीच्या झाकणाला ही अट नाही, ती उभी ठेवली तरी चालते. नाशिकच्या बऱ्याच बाटल्या आता फिरकीच्या झाकणाच्या असतात आणि आपल्या हवेला तेच झाकण जास्त मानवतं. त्यावरून वाइन हलकी असं कुणी ठरवू नये. ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व्हॅलीच्या उत्पादकांनी २००० सालच्या रिजलिंग द्राक्षाच्या व्हाइट वाइनसाठी एकत्र ठरवून फिरकीचं झाकण घेतलं आणि लगोलग न्यूझीलंडनंही तोच रस्ता धरला.

घरात जागा शोधताना

जागा अंदाजानं ठरवू नका, मोजून ठरवा. किमान आणि कमाल तापमानाची नोंद ठेवणारा, लांब वायरचा साधा डिजिटल थर्मामीटर मिळतो. रिकाम्या बाटलीत पाणी भरा, वायरचं टोक त्यात सोडा, तोंडाला कापूस लावा आणि ती बाटली विचारात असलेल्या जागी आठवडाभर ठेवा. नुसत्या हवेचं तापमान दिवसभर नाचतं. पाण्याचं तापमान म्हणजे वाइनला प्रत्यक्षात जे सोसावं लागेल ते. हे मे महिन्यात करा. जानेवारीत सगळ्याच जागा चांगल्या वाटतात.

बाद करायच्या जागा आधी पाहू. स्वयंपाकघर पूर्ण बाद, ओट्याखालचं कपाटसुद्धा. फ्रिजच्या डोक्यावरची फळी सगळ्यात वाईट, कारण मागून येणारी गरम हवा तिथेच साचते. माळा स्लॅबला लागून असतो, वरच्या मजल्यावर तो दुपारी भट्टी होतो. पश्चिमेच्या भिंतीला लागलेलं कपाट संध्याकाळी उशिरापर्यंत तापलेलं राहतं, कारण भिंत दिवसभराचं ऊन साठवून नंतर सोडते.

चांगली जागा म्हणजे घराच्या मध्यावर, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं कपाट आणि त्याचा सगळ्यात खालचा कप्पा. गरम हवा वर जाते, त्यामुळे खालच्या आणि वरच्या कप्प्यात दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. पुण्या-साताऱ्याकडे जुना वाडा असेल आणि तळघर किंवा जाड मातीच्या भिंतीतलं बळद वापरात असेल, तर याहून चांगली जागा शोधायला नको.

कपाटात थर्माकोलचा झाकणाचा खोका ठेवून बाटल्या त्यात आडव्या लावा. खोका गार करत नाही, फक्त चढउतार मंद करतो, आणि तेवढंच हवं असतं. बेडरूममध्ये रात्री एसी चोवीसवर आणि दिवसा खोली पस्तिसावर असेल, तर अशा खोक्यातली बाटली मधल्या तापमानाला स्थिर राहते. खोक्यात बर्फाच्या बाटल्या बदलत राहण्याची युक्ती मात्र करू नये. एक दिवस विसरलं की पाच अंशांवरून तिशीवर उडी, आणि ते न गार केल्याहून वाईट.

मुंबई आणि कोकणात पावसाळ्यात लेबलावर बुरशी धरते. आतल्या वाइनला त्यानं काही होत नाही, फक्त लेबल वाचता येत नाही. पारदर्शक क्लिंग फिल्मचा एक वेढा दिला की झालं. विदर्भ-मराठवाड्यात प्रश्न उलटा. उन्हाळ्यातली कोरडी हवा बुचाचं बाहेरचं टोक वाळवते. तिथे बूचवाली बाटली उन्हाळ्याआधी संपवावी किंवा थेट फ्रिजचा आधार घ्यावा.

साधा फ्रिज आणि वाइनचा फ्रिज

घरातला फ्रिज चार-पाच अंशांवर असतो. वाइनला ते जास्त गार, पण गरमीपेक्षा कितीतरी बरं. मार्चअखेरीपासून पहिला पाऊस पडेपर्यंत भाजीच्या ट्रेमध्ये सहा बाटल्या आडव्या ठेवल्या तर काही बिघडत नाही. भाजीचा ट्रे अशासाठी की दार उघडलं तरी तिथली हवा कमी हलते. दाराचा कप्पा टाळा, तिथे दिवसभर हिसके आणि गरम हवा. बूचवाल्या बाटल्या फ्रिजमध्ये वर्षानुवर्षं ठेवू नयेत, फ्रिजची हवा कोरडी असते. व्हाइटमध्ये तळाशी किंवा बुचाला साखरेसारखे खडे दिसले तर ती काच नाही, थंडीनं बाहेर पडलेलं टार्टरिक आम्लाचं मीठ आहे. निरुपद्रवी असतं, गाळून प्या.

वाइनचा वेगळा फ्रिज घ्यायचा असेल तर विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारा: कॉम्प्रेसर आहे की थर्मोइलेक्ट्रिक? थर्मोइलेक्ट्रिक फ्रिज शांत आणि स्वस्त असतो, पण तो खोलीच्या तापमानाखाली जेमतेम दहा-पंधरा अंश उतरवू शकतो. नागपुरात खोली ४० वर असेल तर आत २५ च्या खाली जायचं नाव नाही, वर तो दिवसरात्र चालून लवकर दम तोडतो. महाराष्ट्रात कॉम्प्रेसरचाच घ्यावा. पाठीमागच्या पट्टीवर हवामानाचा वर्ग छापलेला असतो: ‘एन’ म्हणजे ३२ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी, ‘एसटी’ ३८ पर्यंत, ‘टी’ ४३ पर्यंत. आपल्याला ‘टी’ हवा, निदान ‘एसटी’.

जाहिरातीतली बाटल्यांची संख्या सरळ खांद्याच्या बोर्दो आकाराच्या बाटल्या धरून सांगितलेली असते. स्पार्कलिंगच्या, म्हणजे बुडबुड्यांच्या वाइनच्या, जाड बाटल्या आल्या की फळ्या काढाव्या लागतात आणि जागा बरीच घटते. मागे हात जाईल एवढी मोकळी जागा ठेवा, स्टॅबिलायझर लावा, तापमान १३ वर ठेवा आणि पाण्याच्या बाटलीत थर्मामीटर टाकून एकदा खात्री करून घ्या. दर्शनी आकडा दोन-तीन अंश चुकीचा असणं नेहमीचं आहे. वीज गेली तर दार उघडू नका. भरलेला फ्रिज रिकाम्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ गार राहतो.

खरेदी आणि प्रवास

दुकानात बाटली हातात घेतली की तीन ठिकाणी पाहा. बूच तोंडाबाहेर फुगून आलंय का, वरच्या आवरणाच्या कडेला चिकट ओघळ सुकलाय का आणि मानेतली पातळी शेजारच्या बाटल्यांपेक्षा खाली आहे का. यातलं एकही दिसलं तर ती बाटली कुठेतरी तापलेली आहे, परत ठेवा. मग साल पाहा. साधी व्हाइट दोन वर्षांहून जुनी असेल तर सवलतीतही घेऊ नये. काचेच्या दर्शनी भागात उजेडात मांडलेली बाटली नको, आतल्या खोक्यातली मागून घ्या. भारतात परदेशी वाइन सीमाशुल्कामुळे महाग पडते आणि हळू खपते. त्यामुळे तिच्या बाबतीत ही तपासणी जास्त गरजेची आहे.

नाशिकहून गाडीनं येताना वायनरीतली खरेदी शेवटी करा. बाटल्या डिकीत टाकून वाटेत जेवायला थांबायचं नाही, उन्हात उभ्या गाडीचं तापमान बघता बघता पन्नाशी गाठतं. थर्माकोलचा खोका घेऊन तो मागच्या सीटच्या पायथ्याशी, एसीच्या हवेत ठेवा. परदेशातून येताना दोन लिटर मद्य शुल्काविना आणता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या आरामात. गोव्याहून बाटल्या आणायच्या तर परवाना लागतो, तो आधी काढा.

गोव्याचा विषय निघालाच आहे तर, तिथे ‘पोर्ट’ म्हणून स्वस्तात मिळणारी गोड रेड आणि पोर्तुगालच्या दोउरु खोऱ्यातली पोर्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोउरुची हद्द १७५६ मध्येच आखली गेली. तिथे द्राक्षरस आंबत असताना मध्येच द्राक्षाचं मद्यार्क ओतून आंबणं थांबवतात, म्हणून गोडवा शिल्लक राहतो आणि अल्कोहोल १९-२० टक्क्यांवर जातं.

कोणती किती ठेवायची

नाशिकचं साल वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवायची. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी. पीक येतं थंडीत आणि वाइनची द्राक्षं तोडली जातात साधारण जानेवारी ते मार्चमध्ये. फ्रान्स-इटलीत तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. म्हणजे बाटलीवर २०२४ असेल, तर नाशिकची वाइन फ्रान्सच्या २०२४ पेक्षा सहा-आठ महिन्यांनी मोठी. दोन्ही शेजारी ठेवून तुलना करताना हा फरक धरावा लागतो, नाहीतर नाशिकच्या वाटणीला उगाच ‘दमलेली’ असा शेरा येतो.

नाशिकची सॉव्हिन्यों ब्लां, साधी शेनिन ब्लां (ही पांढऱ्या द्राक्षांची नावं) आणि रोझे तोडणीपासून वर्ष ते दीड वर्षात प्यावी, फार तर दोन. उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड शेनिन तीन-चार वर्षं तग धरते, कारण साखर आणि आम्ल दोन्ही तिला सांभाळतात. ओकच्या पिंपात राहिलेली रिझर्व्ह शिराझ किंवा कॅबर्ने सॉव्हिन्यों या काळ्या द्राक्षांची रेड चार-पाच वर्षं, पण वाइनच्या फ्रिजमध्ये. नुसत्या कपाटात असेल तर दोन. अकलूजच्या फ्रातेल्ली वायनरीची सेत्ते ही सांजिओव्हेसे आणि कॅबर्ने द्राक्षांची मिश्र वाइन जरा थांबायला लायक आहे. दिंडोरीत शँदों ही वायनरी पारंपरिक पद्धतीनं, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून स्पार्कलिंग करते. ती विकायला येते तेव्हाच प्यायला तयार असते, ठेवून काही मिळत नाही.

परदेशी बाटल्यांत इटलीची स्पार्कलिंग प्रोसेक्को आणि न्यूझीलंडच्या मार्लबरोची सॉव्हिन्यों लवकर प्यावी. स्पेनमधल्या रिओहाच्या बाटलीवर उत्पादकानं आधीच किती थांबलंय ते लिहिलेलं असतं: ‘क्रियांसा’ म्हणजे निदान दोन वर्षं, ‘रेसेर्वा’ तीन, ‘ग्रान रेसेर्वा’ पाच. घरी थंड जागा नसलेल्यांनी रिओहाची रेसेर्वा घ्यावी, थांबण्याचं काम स्पेनमधल्या तळघरात झालेलं असतं. उलट इटलीची कोवळी बारोलो रेड घेऊन मुंबईच्या कपाटात दहा वर्षं ठेवण्याचा हट्ट करू नये.

बाटलीच्या मानेला दोऱ्यानं चिठ्ठी बांधा: आणलेला महिना आणि ‘या महिन्याआधी उघडा’. उभ्या कपाटात मागची बाटली विसरली जाते. ही चिठ्ठी दोनशे रुपयांच्या कोणत्याही साधनापेक्षा जास्त वाइन वाचवते.

पेल्यात येण्याआधी

रेड वाइन ‘रूम टेंपरेचरला’ प्यावी हे युरोपातल्या जुन्या, थंड घरांसाठी होतं. तिथली खोली १६ ते १८ अंशांची. आपल्या ३० अंशांच्या खोलीत रेड ओतली की अल्कोहोल नाकात चढतं आणि फळ हरवतं. उन्हाळ्यात रेड फ्रिजमध्ये सव्वा तास ठेवा, थंडीत अर्धा-पाऊण तास पुरतो. व्हाइट ८ ते १२ अंशांवर हवी. खोलीतून फ्रिजमध्ये टाकल्यापासून सुमारे तीन तास लागतात, आणि फ्रिजमधलीच असेल तर ओतण्याआधी दहा-पंधरा मिनिटं बाहेर काढा. फार गार वाइनला वास येत नाही. स्पार्कलिंग ६ ते ८ वर.

घाई असेल तर बादलीत निम्मं पाणी, निम्मा बर्फ आणि दोन मुठी मीठ. नुसत्या बर्फात बाटलीला हवाच लागते, पाण्यात चहूबाजूंनी थंडी भिडते. व्हाइट वीस-पंचवीस मिनिटांत तयार, रेडला आठ-दहा मिनिटं बस. फ्रीझरमध्ये बाटली विसरू नका. वाइन उणे पाच-सहा अंशांला गोठते, फुगते आणि बूच फेकते. स्पार्कलिंगची तर काच फुटते.

स्पार्कलिंगच्या आत गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त दाब असतो, म्हणून ती गार करूनच उघडायची. तारेची जाळी सैल केल्यापासून अंगठा बुचावरून उचलायचा नाही. बाटली तिरकी, तोंड माणसांपासून दूर, बूच घट्ट धरून बाटली फिरवायची.

पेला पातळ काचेचा, पोट रुंद आणि तोंड अरुंद. एक प्रकारचे सहा पेले सगळ्या वाइनला चालतात. ते कपाटात पालथे ठेवू नका, आतली कोंदट हवा पेल्यात राहते. पाहुणे यायच्या आधी प्रत्येक पेला कोमट पाण्यानं विसळून हुंगून पाहा. साबणाचा किंवा लाकडी कपाटाचा वास ही न दिसणारी अडचण असते.

नाक तयार करण्याचा एक सराव

चाखण्याचं कौशल्य जन्मजात नसतं, आणि परदेशी फळांची नावं पाठ करूनही येत नाही. ब्लॅककरंट आपण खाल्लेलंच नाही तर ते पेल्यात सापडणार कुठून? आपल्या मंडईतले वास वापरा.

साधी, स्वस्त व्हाइट वाइन सहा पेल्यांत ४०-५० मिली ओता. पहिल्यात ढोबळ्या मिरचीची पातळ चकती, दुसऱ्यात पिकल्या पेरूची फोड, तिसऱ्यात लिंबाची साल, पांढरा भाग न घेता. चौथ्यात मधाचा थेंब आणि कापलेलं सफरचंद, पाचव्यात अर्धी ठेचलेली लवंग. सहावा पेला कोरा. पेले बशांनी झाकून अर्धा तास ठेवा, मग तुकडे काढून टाका. डोळे मिटून कुणाला तरी पेले क्रम बदलून द्यायला सांगा आणि फक्त वास ओळखा. रेडसाठी हेच मिरी, जांभूळ, करवंद आणि दालचिनीनं करा. पहिल्या खेपेला निम्मे चुकतात. चार-पाच वेळा केल्यावर ढोबळी मिरची कुठूनही सापडते.

तोंडासाठी अजून सोपं. लिंबाचं बिनसाखरेचं सरबत प्यायल्यावर जबड्याच्या दोन्ही बाजूंना पाणी सुटतं, ते आम्ल. पाच मिनिटं उकळलेला कोरा चहा गार करून प्यायला की हिरड्या कोरड्या पडतात, ते टॅनिन. या दोन जागा ओळखल्या की वाइनचा सांगाडा कळतो: जबड्याला किती पाणी सुटलं, हिरड्या किती आवळल्या, घशाला किती ऊब लागली, गिळल्यावर चव किती वेळ राहिली. शेवटची मोजा. मनात दहा आकडे होईपर्यंत फळाची चव टिकली तर ती चांगली वाइन.

जोडीनं चाखणं

एकच द्राक्ष, दोन किंवा तीन मुलुख. तिन्ही बाटल्या एकाच तापमानावर, एकाच प्रकारच्या पेल्यांत, ५० मिली प्रत्येकी. या मापानं एका बाटलीत पंधरा जणांचं चाखणं होतं, म्हणून चार-पाच घरांनी मिळून वर्गणी काढावी. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आकडे टाका, किंमत आणि लेबल दिसलं की जीभ प्रामाणिक राहत नाही. थुंकायला एक मग ठेवा, यात संकोच नको.

सुरुवात शेनिन ब्लांनं करा. नाशिकशी हिचं जुळलेलं नातं इतर कोणत्याही परदेशी द्राक्षापेक्षा घट्ट आहे. मूळ फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातलं, आणि आज याच्या सगळ्यात जास्त बागा आहेत दक्षिण आफ्रिकेत. तिथे त्याला ‘स्टीन’ म्हणत. नाशिकच्या शेनिनमध्ये पेरू, खरबूज आणि बहुतेक वेळा किंचित गोडवा. तिच्याशेजारी लुआरच्या व्हुव्रेची ड्राय, म्हणजे गोडवा नसलेली, बाटली ठेवा, तिच्यावर ‘सेक’ लिहिलेलं असतं. आम्ल ताठ, फळ कमी, हिरवं सफरचंद आणि मध. तिसरी दक्षिण आफ्रिकेच्या स्वार्टलँडची, जुन्या बुटक्या झुडुपांची: भरीव, पिवळ्या फळांची. थंड हवेत द्राक्ष हळू पिकतं आणि आम्ल टिकवतं, गरम हवेत साखर लवकर चढते आणि आम्ल जळतं. हे वाक्य पुस्तकात वाचून कळत नाही, या तीन घोटांत कळतं.

मग सॉव्हिन्यों ब्लां. यातला ढोबळ्या मिरचीचा वास मेथॉक्सिपायराझिन नावाच्या संयुगांचा, आणि द्राक्ष पिकत जाईल, त्यावर ऊन पडेल, तसा तो घटतो. म्हणून नाशिकमध्ये तोडणीचा दिवस चुकवून चालत नाही. आठवडाभर उशीर म्हणजे ताजेपणा गेला. सुला व्हिनयार्ड्सनं २००० च्या सुमारास हेच द्राक्ष घेऊन बाजारात पाऊल टाकलं तेव्हा नाशिकमध्ये ते नवीन होतं. शेजारी मार्लबरोची ठेवा. पॅशनफ्रूटचा वास पेल्यातून उडी मारून येतो. लुआरची सांसेर मात्र दबक्या आवाजात बोलते: लिंबाची साल, ओला दगड, लांब टिकणारं आम्ल. तिघींत नाशिकची बहुधा सगळ्यात लवकर संपते, म्हणजे चव तोंडात कमी टिकते. हे मोकळेपणानं मान्य करावं, आणि तिच्या किमतीला ती काय देते हेही.

शिराझची जोडी सगळ्यात मजेची. फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्याच्या उत्तर भागात तिला ‘सिरा’ म्हणतात, ऑस्ट्रेलियात ‘शिराझ’, आणि नाशिकनं ऑस्ट्रेलियन नाव घेतलं. ऱ्होनच्या क्रोझ-एर्मिताजमध्ये मिरी आणि ऑलिव्ह, ऑस्ट्रेलियाच्या बारोसात जांभळाचा गर, चॉकलेट आणि साडेचौदाच्या वरचं अल्कोहोल. नाशिकची या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी, ओकमुळे आलेल्या व्हॅनिला आणि धुराच्या छटेसह. मिरीचा वास रोटुंडोन नावाच्या संयुगाचा, ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २००८ मध्ये ते शोधलं. काळ्या मिरीतही तेच असतं. गंमत म्हणजे साधारण पाचातल्या एकाला तो वास येतच नाही. टेबलावर कुणी ‘मला मिरी सापडत नाही’ म्हणालं तर त्याला अडाणी ठरवू नका, त्याच्या नाकात तो दरवाजाच नाही.

हे तीन झाले की अकलूजची सांजिओव्हेसे आणि इटलीतल्या तोस्कानाची, त्याच द्राक्षाची कियांती क्लासिको लावा, आणि एकदा जर्मनीच्या मोझेल खोऱ्यातली ‘काबिनेट’ रिजलिंग नुसतीच प्या. जेमतेम आठ-नऊ टक्के अल्कोहोल, पाटीच्या दगडाच्या चढणीवर वाढलेली, गोड आणि आंबट एकाच वेळी. महाराष्ट्रीय जेवणाशी तिच्याइतकी जुळणारी परदेशी वाइन दुसरी नाही.

तिखटाचं गणित आणि दोष

तिखट आणि अल्कोहोल एकमेकांना पेटवतात, आणि टॅनिन त्यात भर घालतं. कोल्हापुरी रश्शाबरोबर भारी कॅबर्ने लावली तर दोघांचीही चव जाते. तिथे किंचित गोड शेनिन नीट गार करून. कोळंबीच्या कालवणाला, सोलकढीच्या ताटाला सॉव्हिन्यों, कारण नारळाच्या दुधाला आम्लाची धार हवी. तळलेल्या बोंबलाला आणि कोथिंबीर वडीला ड्राय स्पार्कलिंग. शिराझ ठेवा सुक्या मटणासाठी, खोबरं-खसखशीच्या भाजलेल्या वाटणासाठी. पुरणपोळीबरोबर ड्राय वाइन आंबट लागते, तिथे उशिरा तोडलेली गोड शेनिनच.

बाटली उघडल्यावर ओल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघराचा वास आला तर तो बुचातून आलेल्या टीसीए या संयुगाचा. लिटरमागे काही नॅनोग्रॅम पुरतात. थांबून, हलवून तो जात नाही, उलट वाढतो. बाटली परत करा. काडेपेटीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा वास मात्र पेला जोरात फिरवल्यावर, पाच-दहा मिनिटांत जाऊ शकतो. नेलपॉलिशचा वास म्हणजे व्हिनेगरकडे वाटचाल. सफरचंद कापून ठेवल्यासारखा तपकिरी वास म्हणजे हवा लागली.

उरलेली बाटली लगेच, जेवण संपायची वाट न पाहता, झाकण लावून उभी फ्रिजमध्ये ठेवा, रेडसुद्धा. उभी असली की हवेला भिडणारा पृष्ठभाग कमी राहतो. निम्मी संपणार हे आधीच ठाऊक असेल तर उघडताक्षणी निम्मी वाइन ३७५ मिलीच्या स्वच्छ बाटलीत गळ्यापर्यंत ओतून झाकून टाका. ती आठवडाभर टिकते. अर्ध्या रिकाम्या बाटलीतली व्हाइट तीन ते पाच दिवस, रेड तेवढीच, स्पार्कलिंग पकड असलेल्या झाकणानं एक-दोन दिवस, रुबी पोर्ट दोन-तीन आठवडे. चमचा उलटा खोचल्यानं बुडबुडे टिकत नाहीत, त्याच्या नादी लागू नका. मुदत उलटलेली रेड मटणाच्या मुरवणीत जाते, पण नेलपॉलिशचा वास लागलेली असेल तर तिथेही घालू नये.